चरीचा संप आणि खंडबंदीचा गैरसमज

अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे खोतांचा, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचा, खंड (जमीन कसण्याचा मोबदला) थकवला आणि त्याच दबावाने ही खोती पद्धत रद्द झाली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी अर्धसत्य आहेत.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरला तो संप खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, असा होता. पिकवून खंड नाकारण्यापेक्षा हे कितीतरी अवघड, कारण घरातला भातही त्यात गेला आणि कुळांना लाकूडफाटा, मासळी व मजुरीवर दिवस काढावे लागले. शिवाय खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, बांध राखला नाही, तर भरतीचे खारे पाणी शेतात शिरते. तो राखण्याचे कष्ट कुळांचे, हे खंड ठरवताना सोयीने विसरले जाई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले खरे, परंतु त्याचा कायदा झाला नाही. १९३९ मध्ये संप मिटला, तेव्हा खोती कायम होती; ती रद्द करणारा कायदा १९४९ चा आहे.