एक्सोस्केलेटन वेगळं, मणक्यात बसवतात तो स्टिम्युलेटर वेगळा

आंब्याच्या सीझनला आपल्याकडे कुणी ना कुणी झाडावरून पडतंच, नाहीतर माडावरून, आणि मणक्याला मार बसून कमरेखालचं सगळं गेलं की घरची माणसं मोबाईलवर व्हिडिओ शोधायला लागतात. "हा पण असाच पडलेला, आता बघा चालतोय, आपल्या दादाला हेच मशीन लावूया." बहुतेक वेळा त्यात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

एक्सोस्केलेटन म्हणजे बाहेरून अंगावर बांधायचा सांगाडा. कमरेला, मांडीला, पोटरीला पट्टे, खुब्याला आणि गुडघ्याला मोटर. रीवॉक नावाचं जे आहे त्यात मनगटावर घड्याळासारखा रिमोट असतो, त्यावर मोड निवडायचा आणि अंग जरासं पुढे झुकवलं की सेन्सरला कळतं, पाय उचलला जातो. उचलते मोटर, पेशंटचे स्नायू नाही. आणि तोल त्याचा त्यालाच सांभाळायचा, दोन्ही हातांत कुबड्या घेऊन, म्हणजे हात धड हवेत. ज्याने हे बनवलं तो इस्रायलचा अमित गोफर, १९९७ च्या अपघातात त्याचे हातही अधू झालेले, त्यामुळे स्वतःचंच मशीन त्याला वापरता येईना! अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१४ ला ते घरी वापरायला परवानगी दिली, पण सोबत शिकवलेला माणूस पाहिजे या अटीवर. मशीन काढलं की परत व्हीलचेअर. तरी उभं राहायला मिळतं, पोट साफ व्हायला मदत होते असं वापरणारे सांगतात, ते काही कमी नाही. पण आपल्या पाखाड्या, चिऱ्याच्या उंचसखल पायऱ्या, पावसात शेवाळलेलं खळं, तिथे हे कसं चालवणार ते घेण्याआधी बघा.

स्टिम्युलेटर आत असतो. ऑपरेशन करून मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवतात, पोटाच्या कातडीखाली छोटं यंत्र, तिथून करंटचे बारीक ठोके. मेंदूकडून येणारी क्षीण हाक खालच्या नसांना ऐकू यावी म्हणून त्यांना जागं ठेवायचं, असं समजा. इथे पाय पेशंटचे स्वतःचे स्नायू हलवतात, म्हणून महिनोन्महिने फिजिओ लागते. २०११ ला चीनमध्ये सायकलवरून पडलेला डच माणूस गर्ट-यान ऑस्कम, त्याच्या डोक्यातही इम्प्लांट बसवून ते मणक्यातल्या यंत्राशी जोडलं, २०२३ ला ते जाहीर झालं, आणि यंत्र बंद असतानाही तो कुबड्यांवर थोडं चालायला लागला. पण त्याची इजा अर्धवट होती, थोडे धागे शाबूत होते, आणि व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. आणि ते अजून संशोधनातच आहे, पैसे भरून उद्या बसवून घ्यावं असं नाही.

तुटलेला मज्जारज्जू दोन्हीपैकी कुठलंच जोडत नाही. डॉक्टरांना पहिलं विचारा, इजा कम्प्लीट (पूर्ण) की इनकम्प्लीट (अर्धवट, थोडे धागे शाबूत), आणि कितव्या मणक्याला. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, तिथे पेपर दाखवता येतील. तोवर रोज घोटा, गुडघा, खुबा हलवून घ्या आणि पाठ, टाचा बघत जा, कारण सांधे आखडले किंवा बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला तर पुढे एक्सोस्केलेटन मिळालं तरी बांधता येत नाही.