रान : कल्पना आणि निसर्गशिक्षण

माणसाने कह्यात न घेतलेली भूमी म्हणजे रान, एवढ्यावर बहुतेकांचे एकमत होते. माणसाने तिथे राहावे का, राहिल्यास काय करावे, यावर मात्र होत नाही. हा वाद नुसता तात्त्विक नाही. संरक्षणाचे कायदे आणि निसर्ग शिकवण्याची रीत, दोन्ही त्यावर बेतलेली असतात.

सर्वांत काटेकोर व्याख्या अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यात आहे. माणूस जिथे केवळ पाहुणा असतो, मुक्काम करून राहत नाही, ते रान. अशा क्षेत्रात काही अपवाद सोडता कायमचे रस्ते, मोटारवाहने आणि बांधकाम यांना मनाई असते. कायदा झाला तेव्हाच ५४ क्षेत्रांतील सुमारे ९१ लाख एकर जमीन त्याखाली आली. रस्त्यामागून येणारी वसाहत रोखायला हा नियम फार उपयोगी पडला. त्याची खोट इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत मूळ रहिवासी कुरणे मुद्दाम जाळत. त्यामुळे माळ मोकळा राही आणि ज्यांची फळे ते खात त्या काळ्या ओक वृक्षांना ऊन मिळे. १८५१ मध्ये एका सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावायला सुरुवात केली. पुढे जाळणे थांबले आणि सूचिपर्णी झाडे कुरणांत घुसली. पाहुण्यांनी ‘अस्पर्श’ म्हणून वाखाणलेला देखावा बराचसा मशागतीचा होता. निर्मनुष्य रानाची कल्पना दाट वस्तीच्या देशांवर लादली की तिची किंमत जंगलाशेजारचे गरीब मोजतात, असा आक्षेप इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये घेतला.

फिनलंडच्या १९९१ च्या रानविषयक कायद्याने वेगळी वाट धरली. देशाच्या उत्तरेकडील लॅपलंडमधील १२ क्षेत्रे राखताना तिथल्या मूळ रहिवासी सामी लोकांची संस्कृती आणि पारंपरिक उपजीविका टिकवणे हाही त्याचा हेतू आहे. न्यूझीलंडने २०१४ मध्ये ‘ते उरेवेरा’ या प्रदेशाचा राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा काढून त्याला कायदेशीर व्यक्तित्व दिले, म्हणजे कायद्यापुरते त्याला माणसासारखे हक्क असलेली व्यक्ती मानले.

रान सांभाळणे हे काम मानले की शिकणेही कामातूनच होते. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडमध्ये आदिवासी कोरड्या ऋतूच्या आरंभी थंड आग लावतात. गवताचा शेंडा वाळला आहे, बुडखा अजून ओला आहे आणि वारा मंद आहे, हे पाहायचे. ज्वाळा ठेंगण्या राहतात, झाडांचे शेंडे होरपळत नाहीत आणि रात्रीच्या दवाने आग आपोआप विझते. मागे जळक्या-हिरव्या तुकड्यांची गोधडी उरते. उशीर झाला की सगळे गवत कडकडीत वाळते, वारा चढतो आणि तीच आग मोठा पट्टा फस्त करते. योग्य दिवस ओळखणे हे इथले खरे ज्ञान. ते पुस्तकातून येत नाही, जाणत्यांबरोबर चालून येते. जाणते त्या भूमीवरून हलवले की शिकवणारे आणि शिकण्याची जागा दोन्ही एकदमच जातात.

पाहुण्याची रीत निरीक्षणाची. तिचा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपेक्षित प्रकार म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणे. रोजच्या वाटेवरची जागा निवडून चार खुंट्या व दोरीने १ मीटर × १ मीटरचा चौकोन आखावा. आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, तिथे २० मिनिटे न हलता बसावे. माणूस आल्यावर गप्प झालेले पक्षी पूर्ववत व्हायला त्यातली बरीच मिनिटे जातात. नोंद पेन्सिलीने करावी, कारण शाई ओलाव्याने पसरते. ‘दिसले’ आणि ‘वाटले’ यांचे रकाने वेगळे हवेत: ‘पानाला तीन भोके’ हे दिसले, ‘अळीने खाल्ले’ हे वाटले. नाव शोधण्याआधी चित्र काढावे. नाव हाती लागले की बघणे थांबते, हा जवळजवळ नियमच आहे.

चुका ठरलेल्या असतात. देखणी पण दूरची जागा निवडली की महिन्याभरात फेऱ्या बंद पडतात. काहीच घडले नाही म्हणून नोंद टाळली, तर फूल किंवा कीटक नेमका कधी आला ते पुढे सांगता येत नाही. दर वेळी वेगळ्या बाजूने गेल्यास आपल्याच पायांनी चौकोनाची कड तुडवली जाते आणि तिथे तुडवणे सोसणारे गवत वाढते. मोबाइलवरील ओळख-अॅपे फुलांच्या बाबतीत बरी असतात. गवते, रोपे आणि अळंबी यांत ती आत्मविश्वासाने चुकतात. पानाची खालची बाजू, खोड आणि पूर्ण रोप असे तीन फोटो दिल्यास अंदाज सुधारतो. खाण्याचा निर्णय मात्र अॅपवर कधीही सोडू नये.

दोन्ही रीतींना न चुकणारा एक सापळा मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये मासेमारीच्या संदर्भात दाखवला. प्रत्येक पिढी आपण प्रथम पाहिलेली स्थिती मूळची धरते आणि ऱ्हास तिथून मोजते. त्यामुळे चौकोनाच्या वहीशेजारी जुने नकाशे, जुनी छायाचित्रे आणि त्या जागेवर पूर्वी गुरे चारलेल्या, लाकूड आणलेल्या माणसांच्या आठवणी ठेवाव्या लागतात.