सजीवांच्या लक्षणांची यादी कशी जमत गेली

पोषण, वाढ, श्वसन, उत्सर्जन, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन, पेशीमय रचना. शाळेत ही लक्षणे आपण एका दमात घोकतो, त्यामुळे ती कुणीतरी एका बैठकीत लिहून काढली असावीत असे वाटते. खरे तर ही यादी दोन हजारांहून अधिक वर्षे जमत होती आणि तिच्यातल्या बऱ्याच शब्दांमागे एखादा वाद आहे.

सुरुवातीचे शब्द ॲरिस्टॉटलचे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात त्याने पोषण, वाढ आणि प्रजनन या क्षमता सगळ्याच सजीवांना दिल्या, संवेदना प्राण्यांसाठी राखली आणि विचार माणसासाठी. झाडांच्या वाट्याला चेतनाक्षमता आली नाही ती तेव्हापासून.

1735 मध्ये लिनियसने लिहिले: दगड वाढतात, वनस्पती वाढतात आणि जगतात, प्राणी वाढतात, जगतात आणि त्यांना संवेदनाही असते. दगड वाढतात हे वाचून आज हसू येते, पण मिठाच्या संपृक्त द्रावणात सोडलेला स्फटिक डोळ्यांदेखत मोठा होतोच की. म्हणून पुढे ‘वाढ’ या शब्दाला शेपूट जोडावे लागले: स्फटिकावर बाहेरून थर चढतात, सजीव आतून वाढतो.

श्वसनाचे कोडे लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1780च्या दशकात सोडवायला घेतले. बर्फाने वेढलेल्या भांड्यात त्यांनी गिनीपिग ठेवला, किती बर्फ वितळला ते मोजले आणि कोळशाच्या ज्वलनाशी ताडून पाहिले. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हा त्यांचा निष्कर्ष. सजीवांतले पदार्थ एका खास ‘जीवनशक्ती’शिवाय बनत नाहीत, असे तेव्हा मानत. 1828 मध्ये व्होलरने मूत्रात सापडणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि ती कल्पना त्याच दिवशी संपली असे सांगतात. गोष्ट छान आहे, पण ती कल्पना त्यानंतरही कित्येक दशके तग धरून होती.

पेशीचा प्रवेश उशिरा झाला. हूकला 1665 मध्ये बुचाच्या कापात दिसले ते रिकामे कप्पे होते. श्लायडेन आणि श्वान यांनी 1838-39 मध्ये वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असल्याचे मांडले, तर पेशीतूनच पेशी जन्मते हे सूत्र फिर्खोने 1855 मध्ये लोकांपुढे आणले. जिवातूनच जीव येतो, हे पाश्चरच्या वाकड्या मानेच्या चंबूंनी 1860च्या आसपास दाखवले.

आणि मग 1935 साली स्टॅन्लीने तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे चक्क स्फटिक मिळवले. बाटलीत ते निपचित पडून राहत. ना श्वसन, ना पोषण, ना पेशी. पानावर चोळले की पुन्हा भराभर वाढत. स्टॅन्लीला ते निव्वळ प्रथिन वाटले, तिथे तो चुकला, कारण त्यात थोडे आरएनएही, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणारे रेणूही, होते. पण ज्या स्फटिकाला यादीबाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप झाला होता, तोच दुसऱ्या दाराने आत आला. विषाणूला सजीव म्हणायचे की निर्जीव, यावर जीवशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

1994 मध्ये नासाच्या एका समितीने यादी बाजूलाच ठेवली. जीवन म्हणजे डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी, स्वतःला टिकवणारी रासायनिक प्रणाली, अशी व्याख्या तिने केली. तिच्यात श्वसन नाही, हालचाल नाही, पेशीही नाही. जुन्या यादीत प्रजननापाशी अडणारे खेचर मात्र इथेही अडतेच, कारण एकटे खेचर काही उत्क्रांत होत नाही.