ओमारूचा स्टीमपंक महोत्सव

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पूर्व किनाऱ्यावरील ओमारू या गावात दरवर्षी जूनच्या सुरुवातीला भरणारा लोकोत्सव. गावची वस्ती सुमारे १४,००० आहे. महोत्सवाचा मुख्य भर राजाच्या वाढदिवसानिमित्त मिळणाऱ्या जोडसुट्टीत असतो. ही सुट्टी जूनच्या पहिल्या सोमवारी येते आणि तेव्हा तिकडे हिवाळा नुकताच सुरू झालेला असतो. २०२२ पर्यंत ती राणीच्या नावाने ओळखली जाई.

वाफेचा जमाना संपलाच नसता, विजेने आणि पेट्रोलने त्याची जागा घेतली नसती, तर भविष्य कसे दिसले असते? स्टीमपंक ही शैली या कल्पनेवर उभी आहे. पितळ, तांबे, दातेरी चाके, दाबमापक, विमानचालकांचे जाड गॉगल, उंच टोप्या आणि घेरदार झगे ही तिची ठळक लक्षणे. हे नाव अमेरिकी लेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ मध्ये दिले. कल्पनेची मुळे मात्र ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्यापर्यंत जातात. भा. रा. भागवतांच्या अनुवादांवर वाढलेल्या मराठी वाचकाला व्हर्नचे जग तसे परके नाही.

स्टीमपंकचे मेळावे अनेक देशांत भरतात. ओमारूचे वेगळेपण असे की इथे महोत्सवासाठी देखावा उभारावा लागला नाही, तो गावात शंभर वर्षे पडून होता. त्यामुळे महोत्सवाचा इतिहास सांगताना आधी गावाचा इतिहास सांगावा लागतो.

ओमारूच्या आसपास पांढुरक्या चुनखडीचे मोठे साठे आहेत. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की लाकडासारखा करवतीने कापता येतो. हवा लागली की हळूहळू टणक होतो. धान्य, लोकर आणि मेंढ्या यांच्या व्यापारावर गावात पैसा आला आणि १८७० व १८८० च्या दशकांत याच दगडाच्या बँका, गोदामे, हॉटेले उठली. त्यांतल्या कितीतरी इमारतींचे आराखडे टॉमस फॉरेस्टर आणि जॉन लेमन या जोडीने केले. खांबांवरची नक्षी आणि कमानी पाहिल्या की एवढ्याशा गावाने स्वतःबद्दल केवढी मोठी स्वप्ने पाहिली होती ते कळते.

बंदर मात्र भरवशाचे नव्हते. ३ फेब्रुवारी १८६८ च्या वादळात तिथे तीन जहाजे फुटली. पुढे दगडी बांध घालून ते सुरक्षित करण्यात आले, पण त्याचा आणि पाणीपुरवठ्यासारख्या इतर कामांचा खर्च गावाला झेपला नाही. मंदी आली आणि नगरपालिका कर्जात रुतली. पुढच्या काळात जुने पाडून नवे बांधावे एवढा पैसा बंदराजवळच्या त्या भागात कोणापाशीच उरला नाही. व्यापार सरकत गेला आणि १९७४ मध्ये बंदर मालवाहतुकीसाठी बंद झाले. ओमारूच्या इमारती वाचल्या त्या मुख्यतः या गरिबीमुळे.

ओमारूच्या वाफयुगातली एक खरी घटना स्टीमपंकच्या कोणत्याही कल्पनेला मागे टाकील अशी आहे. गावाजवळच्या टोटारा इस्टेटवर कापलेल्या मेंढ्यांचे गोठवलेले मांस घेऊन ‘डनीडन’ हे जहाज १५ फेब्रुवारी १८८२ रोजी पोर्ट चामर्सहून लंडनकडे निघाले. जहाज शिडाचे, पण त्याच्या पोटात कोळशावर चालणारे शीतयंत्र बसवलेले. यंत्राच्या धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडे पेटत. उष्ण कटिबंधात वारा पडल्यावर गार हवा मांसापर्यंत नीट पोहोचेना, तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या नळीत सरपटत शिरले आणि त्यांनी तिला आणखी भोके पाडली. थंडीने ते आतच गारठले. पायाला दोर बांधून त्यांना बाहेर ओढावे लागले. ९८ दिवसांच्या प्रवासानंतर सुमारे ५,००० धडांचा तो माल चांगल्या स्थितीत लंडनला पोहोचला आणि न्यूझीलंडच्या अर्थव्यवस्थेची दिशाच बदलली. शिडे, वाफ, कोळसा आणि बर्फ एका जहाजावर नांदवणारी ही माणसे याच मुलखाच्या मालावर काम करत होती.

याच वर्षांची दुसरी बाजूही इथे सांगायला हवी. ज्या जमिनीवर हा व्यापार फुलला ती ब्रिटिश सरकारने १८४८ च्या ‘केम्पच्या खरेदीत’ नाइ ताहू या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी, समाजाकडून घेतली होती: सुमारे २ कोटी एकर, किंमत २,००० पौंड. राखीव जमिनींची दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत. १८७७ मध्ये हिपा ते माइहारोआ या धर्मनेत्याच्या मागे बायकामुलांसह अनेक कुटुंबे ओमारूजवळच्या वैताकी नदीच्या खोऱ्यातून वर ओमारामाला जाऊन राहिली. डोंगरामागचा हा प्रदेश आम्ही विकलेलाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट १८७९ मध्ये, भर हिवाळ्यात, पोलिसांनी त्यांना तिथून काढले. नाइ ताहूंच्या दाव्यांचा कायदेशीर निवाडा व्हायला १९९८ साल उजाडले. व्हिक्टोरियन काळ नटूनथटून साजरा करणाऱ्या सगळ्याच उत्सवांवर असा आक्षेप घेतला जातो की त्यांना साम्राज्याचे कपडे हवे असतात, साम्राज्याचा हिशेब नको असतो. तो रास्त आहे, आणि वैताकीच्या खोऱ्यात तर फारच नेमका लागू पडतो. स्टीमपंक निदान ‘असेच घडले’ असा दावा करत नाही. ‘असे घडू शकले असते’ म्हणताना त्यात माओरी माणसालाही आपले भविष्य कल्पिता येते. ही मोकळीक शैलीतच आहे, ती किती वापरायची हे भाग घेणाऱ्यांवर आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांनी ओमारू व्हाइटस्टोन सिव्हिक ट्रस्ट स्थापून हार्बर स्ट्रीट आणि टाइन स्ट्रीटवरची ओस पडलेली गोदामे हाती घेतली. डागडुजी झाली, दगडकाम आणि पुस्तकबांधणी करणारे कारागीर तिथे आले, जुन्या रेल्वेच्या हौशी मंडळींनी वाफेची गाडी पुन्हा रुळावर आणली. नोव्हेंबरात व्हिक्टोरियन जत्रा भरू लागली आणि पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे असलेल्या पेनी फार्दिंग सायकली रस्त्यांवर दिसू लागल्या. स्टीमपंक रुजायला लागणारी माती अशी तयार होती: इमारती, शिवणकाम जाणणारे हात आणि लोखंड वाकवू शकणाऱ्या कार्यशाळा.

२००९ च्या सुमारास या वारसा-उत्सवांच्या आधाराने स्टीमपंक पोशाखांचे कार्यक्रम सुरू झाले. त्यानंतर जुन्या बँकेच्या इमारतीतल्या फॉरेस्टर गॅलरीत स्टीमपंक कलाकृतींचे प्रदर्शन मांडले गेले. ते लोकांना इतके भावले की कायमच्या जागेचा विचार पुढे आला आणि २०११ मध्ये ‘स्टीमपंक एचक्यू’ (म्हणजे स्टीमपंकचे मुख्यालय) हे कलादालन उघडले. त्यासाठी निवडलेली जागा म्हणजे मीक कंपनीने १८८३ मध्ये बांधलेले धान्याचे उंच गोदाम. दारात खरेखुरे वाफेचे इंजिन तोंड वर करून उभे आहे. खाचेत दोन डॉलरचे नाणे टाकले की ते धूर सोडते, गुरगुरते आणि आग ओकते. आतल्या अंधारात शेतीची मोडकी यंत्रे, पाइप, गॅसच्या टाक्या, हाडे आणि जुने सुटे भाग यांतून जोडलेली विचित्र वाहने आहेत. जवळून पाहिले की वितळजोडाचे (वेल्डिंगचे) डाग आणि मूळ कारखान्याचा रंगही दिसतो. ते लपवण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही. ‘पोर्टल’ नावाच्या खोलीत आरसे आणि दिवे यांच्या खेळाने चहूकडे अंत नसलेला अवकाश भासतो.

महोत्सवाच्या दिवसांत मिरवणूक, पोशाखांची स्पर्धा, कार्यशाळा, बाजार आणि रात्रीचे नृत्य असे कार्यक्रम असतात. पण या गर्दीचा जीव आहे तो खेळांत. किटल्यांच्या शर्यतीत रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीच्या सांगाड्यावर चहाची किटली बसवतात आणि चढ, वळणे, अडथळे पार करत ती शेवटापर्यंत न्यायची असते. किटली सजवण्यातच अनेकांचा जीव रमलेला असतो. आजोबा आणि नातू मिळून एकच किटली घेऊन उतरतात. छत्र्यांच्या द्वंद्वात दोघीजणी पाठीला पाठ लावून पावले मोजत दूर जातात, वळतात आणि ठरलेल्या तीन मुद्रांपैकी एक घेतात. कोणती मुद्रा कोणत्या मुद्रेला हरवते ते दगड-कागद-कात्रीसारखे ठरलेले असते. चहाचे द्वंद्व हा खेळ इंग्लंडातून आलेला. दोघे आपापले बिस्कीट एकाच वेळी गरम चहात बुडवतात, पाचपर्यंत मोजून बाहेर काढतात आणि मग थांबतात. बिस्कीट न सांडता, जो सर्वांत उशिरा ते तोंडात घालील तो जिंकला. या खेळांना पैसा लागत नाही, ताकद लागत नाही, वयाची अट नाही. पाहायला आलेला माणूस दुसऱ्या वर्षी भाग घ्यायला येतो त्याचे कारण माझ्या मते यातच आहे.

४ जून २०१६ रोजी ओमारूत स्टीमपंक वेशातील २२८ जण एकत्र जमले आणि अशा सर्वांत मोठ्या मेळाव्याची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली. आकडा लहान वाटेल, पण गावाच्या आकाराशी तो ताडून पाहावा.

अशाच प्रकारचे आणखी दोन उत्सव उल्लेखनीय आहेत. इंग्लंडमधील लिंकन शहरात ‘असायलम’ हा महोत्सव २००९ पासून भरतो, अलीकडे ऑगस्टअखेरच्या सुट्टीत. किल्ला आणि कॅथेड्रल यांच्या परिसरात तो रंगतो आणि त्याचे नाव १८२० मध्ये उघडलेल्या तिथल्या जुन्या मनोरुग्णालयावरून पडले आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्टहॅम हे १८५४ ते १९५७ या काळात घड्याळांच्या कारखान्यामुळे नावारूपाला आलेले शहर. २०१० च्या पुरात तिथल्या चार्ल्स नदीकाठच्या उद्योग-संग्रहालयाचे मोठे नुकसान झाले. ते सावरण्यासाठी निधी उभारायला मे २०११ मध्ये शहरात स्टीमपंक मेळा भरवण्यात आला आणि त्यातूनच वार्षिक ‘वॉच सिटी’ महोत्सव उभा राहिला. लिंकनला पर्यटकांची गर्दी आधीपासून होती, वॉल्टहॅमला बॉस्टन शेजारी होते. ओमारूकडे यांतले काहीच नव्हते, म्हणून तिथे स्टीमपंक वर्षातल्या एका सुट्टीपुरते न राहता गावाच्या रोजच्या व्यवहारात शिरले. कलादालन वर्षभर उघडे असते, दुकानांच्या पाट्यांवर दातेरी चाके आली आहेत, आणि बंदराजवळ फ्रेंडली बे इथे मुलांसाठी स्टीमपंक धर्तीचे खेळाचे मैदान आहे. त्यातले झोके एका अवाढव्य पेनी फार्दिंगला टांगलेले आहेत.