‘बग’ हा शब्द त्या पतंगामुळे आलेला नाही

संगणकात पतंग हा किडा अडकला, अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी तो बाहेर काढला आणि तेव्हापासून बिघाडाला ‘बग’ (इंग्रजीत किडा) म्हणू लागले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकली आहे. पतंग खरा, बाकीचं तपासून घ्यावं लागतं.

९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क २ हा संगणक रिलेंवर, म्हणजे विजेच्या स्विचांवर, चालायचा. विद्युतचुंबकानं पट्टी ओढली की दोन टोकं टेकतात आणि वीज वाहते. मधे काही आलं तर सगळंच खोळंबतं. दुपारी पावणेचारला एफ पॅनेलवरच्या ७० नंबरच्या रिलेत पतंग सापडला. तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवून खाली लिहिलं, ‘खराखुरा बग सापडल्याची पहिलीच घटना’.

गंमत त्या ‘खराखुरा’मध्येच आहे. शब्द आधीपासून रुळलेला नसता तर हा विनोद झालाच नसता! एडिसननं १८७८ मधल्या पत्रातच यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटलंय. आणि तो पतंग हॉपर यांनी काढलाच नव्हता, सापडला तो इतरांना. हॉपर यांनी किस्सा मात्र आयुष्यभर रंगवून सांगितला, म्हणून तो त्यांच्या नावावर चढला. नोंदवही पतंगासकट आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेच्या संग्रहात आहे.