लहान लिनक्स लॅपटॉपसाठी हलका वेब ब्राउझर

हलका वेब ब्राउझर म्हणजे कमी मेमरी, मंद प्रोसेसर आणि तुटपुंजी साठवण असलेल्या संगणकावरही वेबपाने बऱ्या वेगाने उघडणारा ब्राउझर. जुने किंवा मुळातच छोटे लॅपटॉप लिनक्स घालून वापरात ठेवणाऱ्यांना त्याची निवड हटकून करावी लागते. २ किंवा ४ गीगाबाइट रॅम, ॲटम किंवा सेलेरॉन प्रोसेसर, ३२ गीगाबाइटची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश) साठवण आणि ११ इंचांच्या आसपासची स्क्रीन असे हे यंत्र असते. लिनक्सची बाजू सोपी आहे. एलएक्सक्यूटी, एक्सएफसीई असा हलका डेस्कटॉप किंवा नुसता विंडो मॅनेजर (खिडक्या सांभाळणारा छोटा प्रोग्राम) बसवला की डेस्कटॉपचे काम काही शे मेगाबाइटमध्ये भागते. मेमरी खातो तो ब्राउझर. चार टॅब उघडले की स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर डिस्क वापरणे) सुरू होतो, माउसचा बाण अडखळू लागतो आणि वापरणारा ‘सगळ्यात हलका ब्राउझर’ शोधायला निघतो.

या शोधात बहुतेकांची गल्लत एकाच जागी होते. वजन ब्राउझरच्या नावात किंवा त्याच्या खिडकीत नसते. ते इंजिनात असते, आणि त्याहून जास्त उघडलेल्या पानात.

इंजिन आणि कवच

प्रत्येक ब्राउझरचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पत्त्याची पट्टी, टॅब, बुकमार्क, मेनू हे झाले कवच. पानाचा मजकूर वाचून त्याची मांडणी करणारे आणि जावास्क्रिप्ट चालवणारे ते इंजिन. आजचे वेब जवळजवळ पूर्ण पेलणारी इंजिने तीनच आहेत: क्रोम आणि त्याचा मुक्त पाया क्रोमियम यांचे ब्लिंक, फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. यांतली दोन एकाच घराण्यातली. केडीई या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाच्या केएचटीएमएल या इंजिनावरून ॲपलने वेबकिट काढले आणि २००३ मध्ये सफारी आणला. २००८ मध्ये आलेला क्रोमही आधी वेबकिटवरच होता. २०१३ मध्ये गूगलने वेगळी चूल मांडली, ते ब्लिंक.

लिनक्सवर हलके म्हणून सांगितले जाणारे बरेच ब्राउझर म्हणजे यांपैकीच एखाद्या इंजिनावर चढवलेले पातळ कवच असते. सर्फ, लुआकिट, बॅडवुल्फ आणि नोम वेब (जुने नाव एपिफनी) हे वेबकिटजीटीके (वेबकिटचे लिनक्सवरचे रूप) वापरतात. फाल्कन आणि क्यूटब्राउझर क्यूटीवेबइंजिन वापरतात, म्हणजे आत क्रोमियमचेच इंजिन असते. कवच पातळ असल्याने खिडकी चटकन उघडते, रिकाम्या टॅबला मेमरी कमी लागते आणि पहिले मत चांगले होते. पण नकाशे, ऑनलाइन ऑफिस किंवा समाजमाध्यमाचे पान उघडले की इंजिनाला तेच काम करावे लागते आणि कवचात वाचवलेली मेमरी त्यापुढे किरकोळ ठरते. रिकाम्या खिडकीचे आकडे देऊन केलेल्या तुलना म्हणूनच फारशा कामाच्या नाहीत.

पानांचे वजन किती वाढले याचा अंदाज एका यंत्रावरून येतो. २००७ मध्ये आलेल्या आसूस ईई पीसी ७०१ मध्ये ५१२ मेगाबाइट रॅम, ४ गीगाबाइट साठवण आणि ७ इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलची स्क्रीन होती. तो झँड्रॉस लिनक्ससह विकला जाई आणि त्यावर चक्क फायरफॉक्स असे. आज तेवढ्या मेमरीत एखादे जड पान धड उघडणेही कठीण.

सुरक्षेची किंमत

मेमरी खाण्याचा सगळा दोष आळशी प्रोग्रामरांच्या माथी मारण्याची पद्धत आहे. ती अर्धीच खरी. २००८ मध्ये क्रोमने प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम) देण्याची रचना लोकप्रिय केली. फायरफॉक्सने २०१६ पासून टप्प्याटप्प्याने तशीच वाट धरली. एक पान कोसळले तर बाकीची वाचतात, आणि एका पानातल्या घातक कोडला दुसऱ्या पानाच्या मेमरीत डोकावणे अवघड जाते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली आणि ही भिंत आणखी जाड करावी लागली. क्रोमने आवृत्ती ६७ मध्ये डेस्कटॉपवर प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू केली. त्यामुळे मेमरीचा वापर साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो असे गूगलनेच सांगितले होते. फायरफॉक्समध्ये हीच सोय फिशन या नावाने २०२१ च्या अखेरीस आली.

यातला व्यवहार लक्षात घेण्यासारखा आहे. सगळी पाने एकाच प्रोसेसमध्ये चालवणारा ब्राउझर मेमरी वाचवतो, पण ती वाचते ही भिंत पाडून. नुसते वाचायचे असेल तर हरकत नाही. बँकेचे खाते उघडायचे असेल तर आहे.

अद्ययावततेचा मुद्दा याहून मोठा. ब्राउझरच्या इंजिनात सतत नव्या त्रुटी सापडतात आणि त्या तातडीने बुजवाव्या लागतात. छोट्या प्रकल्पांकडे तेवढी माणसे नसतात. डेबियन या लिनक्स वितरणाच्या (तयार लिनक्स संचाच्या) आवृत्तीसोबतच्या टिपणांत याबद्दल स्पष्ट सूचना असते: वितरणात इंजिने अनेक असली तरी त्यांतल्या कित्येकांना सुरक्षा-सुधारणांची हमी नाही, वेबकिटजीटीके हा ठळक अपवाद, आणि रोजच्या वापरासाठी फायरफॉक्स किंवा क्रोमियम घ्यावा. क्यूटीवेबइंजिनावरचा ब्राउझर निवडताना आपल्या वितरणात ते इंजिन किती जुने आहे हे पाहणे म्हणूनच गरजेचे.

जावास्क्रिप्टविना

खऱ्या अर्थाने हलके ब्राउझर ते, जे जड काम करतच नाहीत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या मजकुरी खिडकीत) चालणारा लिंक्स (Lynx) १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात सुरू झाला आणि अजून वापरात आहे. उच्चाराने त्याच्याशी सारखा पण वेगळाच असलेला दुसरा लिंक्स (Links) १९९९ मधला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला चित्रे दाखवणारी ग्राफिक खिडकीही आहे. डब्ल्यूथ्रीएम जपानमधला, पानातली कोष्टके तो टर्मिनलमध्येही नीट मांडतो.

ग्राफिक ब्राउझरांत डिलोचा किस्सा वेगळा आहे. होर्हे आरेयानो सिद यांनी डिसेंबर १९९९ मध्ये तो सुरू केला. सी आणि सी++ मध्ये लिहिलेला, एफएलटीके ही चिमुकली खिडकी-लायब्ररी वापरणारा, स्वतःचे इंजिन असलेला आणि जावास्क्रिप्ट अजिबात न चालवणारा. २०१५ मधल्या ३.०.५ नंतर तो थंडावला. संपलाच असे वाटत असताना २०२४ मध्ये नव्या लोकांनी हाती घेऊन ३.१.० ही आवृत्ती काढली. माहितीपुस्तिका, विकिपीडियाचे लेख, साधे ब्लॉग हे सारे तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडतो. लॉगिन मागणारी बहुतेक आधुनिक संकेतस्थळे मात्र त्यात चालत नाहीत. नेटसर्फ २००२ मध्ये रिस्क ओएस या ऑपरेटिंग सिस्टमसाठी सुरू झाला. त्याचेही इंजिन स्वतःचे. सीएसएस (पानाची सजावट) बऱ्यापैकी, जावास्क्रिप्ट अगदी जुजबी. ज्या लिप्यांत अक्षरे एकमेकांशी जुळवावी लागतात, उदाहरणार्थ देवनागरी किंवा अरबी, त्यांच्या वाचकांनी या गटातला ब्राउझर आधी आपल्या भाषेतले पान उघडून तपासावा. जोडाक्षरे तुटक दिसली तर वेगाचा काय उपयोग?

डॅम स्मॉल लिनक्स या चिमुकल्या वितरणाची मूळ आवृत्ती ५० मेगाबाइटच्या मर्यादेत बसवलेली होती. २०२४ मध्ये ती पुन्हा आली तेव्हा उद्दिष्ट होते एका सीडीत, म्हणजे ७०० मेगाबाइटमध्ये मावण्याचे. तिच्यात एकच नव्हे, तीन ब्राउझर दिले: बॅडवुल्फ, डिलो आणि लिंक्स-२. छोट्या यंत्रासाठी ही दृष्टी सर्वांत शहाणपणाची आहे. एकाच ब्राउझरने सगळे करावे हा हट्ट सोडला की निवड सोपी होते: वाचायला एक चिमुकला, आणि लॉगिन, व्यवहार, व्हिडिओ कॉल यांसाठी एक मोठा, काम झाले की बंद करायचा.

शिफारशींच्या यादीतली जुनी नावे

हलक्या ब्राउझरांच्या याद्या लवकर शिळ्या होतात आणि तरी वर्षानुवर्षे नकलून काढल्या जातात. मिडोरी हे त्याचे नमुनेदार उदाहरण. २००७ मध्ये वेबकिटजीटीकेवर सुरू झालेला हा ब्राउझर एक्सएफसीईसोबत शोभून दिसे आणि खरोखर हलका होता. पुढे प्रकल्प दुसऱ्या संस्थेकडे गेला, आधी इलेक्ट्रॉन (क्रोमियमवर आधारलेले साधन) आणि नंतर फायरफॉक्सच्या इंजिनावर आला. नाव तेच राहिले, वस्तू बदलली. क्यूपझिला शोधणाऱ्याला २०१८ पासून फाल्कन घ्यावा लागतो. पेल मून हा फायरफॉक्सच्या जुन्या शाखेतून निघालेला, गोआना नावाचे इंजिन असलेला ब्राउझर. जुन्या यंत्रावर तो चपळ वाटतो आणि त्याची निगाही राखली जाते, पण नवीनतम जावास्क्रिप्ट वापरणाऱ्या संकेतस्थळांवर अधूनमधून अडतो.

३२ बिट प्रोसेसर असलेल्यांची वाट अधिक अरुंद आहे. गूगलने ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम देणे मार्च २०१६ मध्ये थांबवले. मोझिलाची ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची नियमित आवृत्ती फायरफॉक्स १४४. त्यानंतर काही काळापुरता ईएसआर (जास्त काळ सुरक्षा-सुधारणा मिळणारी आवृत्ती) १४० चा आधार. २०२१ मधल्या क्रोम ८९ पासून एसएसई३ सूचनासंच नसलेले प्रोसेसरही बाद झाले. अनेक ॲटम लॅपटॉपमधला प्रोसेसर ६४ बिट असूनही त्यावर ३२ बिट लिनक्स घातलेले आढळते. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन ते आधी पाहून घ्यावे.

मोठ्या ब्राउझरचे वजन उतरवणे

२ गीगाबाइट किंवा जास्त मेमरी असेल तर नवा ब्राउझर शोधण्याआधी असलेला फायरफॉक्स छाटून पाहावा. सर्वांत मोठा फरक जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट अडवण्याने पडतो. २०१४ मध्ये रेमंड हिल यांनी सुरू केलेले यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन स्वतः थोडी मेमरी घेते, पण पानाचा नको असलेला भार उतरवून त्याहून बरीच वाचवते. क्रोमने मॅनिफेस्टच्या (एक्स्टेन्शनसाठीच्या नियमांच्या) तिसऱ्या आवृत्तीचा आग्रह धरून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, त्यामुळे तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्तीच उरली आहे. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते, आणि कमी मेमरीच्या यंत्रावर फायरफॉक्सच्या बाजूने हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. बाकीची एक्स्टेन्शन मात्र काढून टाकावीत.

‘अबाउट:कॉन्फिग’ या फायरफॉक्सच्या सेटिंगच्या पानावर प्रोसेसची संख्या कमी करण्याचा जुना सल्ला अजून फिरतो. फिशन आल्यापासून त्या आकड्याचा पूर्वीइतका परिणाम राहिलेला नाही. वापरात नसलेले टॅब उतरवणे जास्त गुणकारी. ‘अबाउट:अनलोड्स’ या पानावरून ते हाताने करता येते. क्रोमने डिसेंबर २०२२ पासून मेमरी सेव्हर नावाने तशीच सोय दिली. ईएमएमसी साठवण मंद असते आणि फायरफॉक्स दर १५ सेकंदांनी उघड्या टॅबांची नोंद डिस्कवर लिहीत असतो. हे अंतर वाढवले तर अडखळणे कमी होते. उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (लागणारे सगळे सोबत बांधलेले पॅकेज) स्वरूपात दिला आहे. मंद डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला जास्त वेळ घेतो आणि जागाही जास्त व्यापतो; नेहमीचे डेब पॅकेज तिथे बरे.

ब्राउझरच्या बाहेरचा एक उपाय तर कित्येकदा ब्राउझर बदलण्यापेक्षा प्रभावी ठरतो. झेडरॅम रॅमचाच काही भाग दाबून भरलेला स्वॅप म्हणून वापरते. ते २०१४ मध्ये लिनक्स कर्नल ३.१४ मध्ये स्थिरावले. फेडोरा या वितरणाने २०२० च्या आवृत्ती ३३ पासून ते आपोआप चालू ठेवले. डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान आहे, कारण प्रोसेसरला थोडे जास्त काम पडले तरी मंद साठवणीकडे जावे लागत नाही.

व्हिडिओचे दुखणे मेमरीचे नसून प्रोसेसरचे. जुन्या ग्राफिक चिपला एच.२६४ या प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडता येतो. व्हीपी९ किंवा एव्ही१ हे नवे प्रकार आले की सगळा बोजा प्रोसेसरवर पडतो आणि पंखा गरगरू लागतो. एच.२६४ चाच प्रवाह मागणारे एक्स्टेन्शन मिळते. इंटेल चिपवर फायरफॉक्स ११५ पासून हार्डवेअरची मदत आपोआप घेतली जाते. तरीही अडत असेल तर दुवा वायटी-डीएलपी या व्हिडिओ मिळवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने एमपीव्ही या प्लेअरला द्यावा. ब्राउझर बंद ठेवून व्हिडिओ पाहता येतो.

स्क्रीन लहान असल्याने जागाही मोलाची. उंची ७६८ किंवा ६०० पिक्सेल असताना टॅबपट्टी, पत्तापट्टी आणि बुकमार्कपट्टी मिळून पानाचा चांगलाच लचका तोडतात. क्यूटब्राउझर आणि लुआकिट कीबोर्डवर चालतात आणि जवळपास सगळी स्क्रीन पानाला सोडतात. सवय व्हायला वेळ लागतो, टचपॅड खराब असलेल्यांना मात्र ती लवकर होते.

मोजमाप

ब्राउझरची मेमरी मोजताना ‘टॉप’ या आज्ञेतल्या आरईएस (प्रत्येक प्रोसेसने व्यापलेली रॅम) या रकान्याची बेरीज करणे चूक आहे. अनेक प्रोसेसमध्ये सामायिक असलेली मेमरी त्यात पुन्हा पुन्हा मोजली जाते आणि बहुप्रोसेस ब्राउझर आहे त्यापेक्षा जाडा दिसतो. सामायिक भाग वाटून दाखवणारा पीएसएस हा आकडा पाहावा. ‘स्मेम’ ही आज्ञा तो देते. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:प्रोसेसेस’ आणि क्रोमियममध्ये शिफ्ट-एस्केप दाबून उघडणारा टास्क मॅनेजर कोणते पान किती खाते ते दाखवतात. तुलना करायची तर दोन्ही ब्राउझरांत नवे कोरे प्रोफाइल घ्यावे, आपण रोज उघडतो तीच पाच-सहा पाने त्यात उघडावीत, थोडा वेळ वापरून मग पीएसएस आणि स्वॅप पाहावा. त्या पानांत एखादे नीट चाललेच नाही, तर त्या ब्राउझरचा आकडा बाजूला ठेवावा.