नव्याण्णव वर्षांचा टोल : ओंटारिओतील ४०७ महामार्गाच्या कराराची पार्श्वभूमी

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात टोरंटोच्या उत्तरेकडून, बर्लिंग्टनपासून पिकरिंगपर्यंत जाणारा १०८ किलोमीटरचा ४०७ क्रमांकाचा महामार्ग मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ठाऊक आहे. या रस्त्यावर एकही टोलनाका नाही. गाडीतील ट्रान्सपाँडर (गाडीची ओळख पाठवणारे छोटे उपकरण) किंवा कॅमेऱ्याने टिपलेली नंबरप्लेट यांवरून प्रवासाची नोंद होते आणि बिल घरी येते. त्या बिलावरील दर कोण ठरवतो, या प्रश्नाचे उत्तर १९९९ च्या एका करारात आहे.

या मार्गाची कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीची. बांधकाम मात्र १९८७ मध्ये सुरू झाले. १९९० च्या दशकारंभीच्या मंदीत प्रांताच्या तिजोरीवर ताण आला, तेव्हा बॉब रे यांच्या सरकारने रस्ता लवकर पुरा करण्यासाठी टोलचा मार्ग निवडला आणि १९९७ मध्ये पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत माइक हॅरिस यांचे सरकार आले होते. त्या सरकारने १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि १९९९ मध्ये, प्रांतिक निवडणूक तोंडावर असताना, हा रस्ता सुमारे ३.१ अब्ज कॅनेडियन डॉलरना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. घेणाऱ्या गटात स्पेनच्या फेरोव्हियल समूहाची सिंट्रा, कॅनडातील एसएनसी-लाव्हालिन आणि क्वेबेकचा सार्वजनिक पेन्शन निधी हाताळणारी संस्था होती.

रस्त्याची मालकी प्रांताकडे राहिली. चालवणे, देखभाल, टोलवसुली आणि विस्तार हे काम या गटाच्या कंपनीकडे गेले. पूर्व व पश्चिम बाजूंचे वाढीव टप्पे बांधण्याची जबाबदारी तिने घेतली आणि २००१ पर्यंत ते पूर्ण केले. वाहतूक वाढेल तशा मार्गिका वाढवण्याचे बंधनही करारात आहे, आणि ते पाळले गेले, हे टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

वाद पेटला तो टोलदराच्या कलमावरून. आपल्याकडे टोलवाढीचे वेळापत्रक सहसा आधीच अधिसूचनेत ठरलेले असते. ओंटारिओने मात्र दराला कमाल मर्यादा घातली नाही. ठरावीक पातळीइतकी वाहतूक रस्त्यावर राहिली, तर कंपनी दर कितीही वाढवू शकते. वाहतूक त्या पातळीखाली गेली आणि दर चढे राहिले, तर तिने प्रांताला भरपाई द्यायची. महाग टोलमुळे गाड्या शेजारच्या मोफत ४०१ महामार्गावर लोटल्या जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. विचार चुकीचा नव्हता, पण टोरंटोची लोकसंख्या वाढत असताना ही पातळी सहज गाठली जाणार होती. म्हणून दराला लगाम असा उरला नाही, आणि माझ्या मते या कराराचा खरा दोष रस्ता किती स्वस्तात गेला यापेक्षा इथे आहे.

२००३ मध्ये डाल्टन मॅग्विंटी यांचे सरकार दरवाढ रोखण्याचे आश्वासन देऊन निवडून आले. मंजुरीविना दर वाढवल्याबद्दल कंपनीने करारभंग केला, अशी नोटीस सरकारने २००४ मध्ये दिली. परंतु लवादाने आणि त्यानंतर न्यायालयांनी कंपनीची बाजू उचलून धरली. २००६ च्या तडजोडीत ग्राहकांना काही सवलती मिळाल्या, दर ठरवण्याचा अधिकार होता तिथेच राहिला. पुढचे सरकार आधीच्या सरकारच्या सहीने किती बांधले जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

कायद्याने दिलेला दुसरा अधिकारही कडक होता : टोल थकला, तर प्रांताने त्या गाडीच्या नंबरप्लेटचे नूतनीकरण रोखायचे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एवढी मर्यादा घातली की, दिवाळखोरीतून कायदेशीररीत्या मुक्त झालेल्या माणसाविरुद्ध जुन्या थकबाकीसाठी हा उपाय वापरता येणार नाही.

२०१९ मध्ये एसएनसी-लाव्हालिनने कंपनीतील सुमारे दहा टक्के हिस्सा विकला आणि त्याचे सुमारे तीन अब्ज डॉलर मिळाले, म्हणजे वीस वर्षांपूर्वी साऱ्या रस्त्याला मिळालेल्या रकमेइतके. मधल्या काळात कंपनीने विस्तारावर खर्च केला होता हे खरे. तरीही एवढ्या मूल्यवाढीला टोलदराच्या मोकळिकीचा मोठा आधार होता.

फेरोव्हियल समूहाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलवसुलीचे काम २००४ पासून रस्ते बांधणाऱ्या आयआरबी समूहाकडे होते, आणि २०२० मध्ये ८,२६२ कोटी रुपयांच्या बदल्यात एप्रिल २०३० पर्यंतचा नवा करारही त्याच समूहाला मिळाला. २०२१ मध्ये सिंट्राने आयआरबीत सुमारे एक चतुर्थांश हिस्सा घेतला. फरक कलमातला आहे : येथे दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ आधीच ठरलेली असल्यामुळे, एप्रिल २०२३ मध्ये मोटारीचा टोल २७० वरून ३२० रुपये झाला तो त्या वेळापत्रकानुसार.

ओंटारिओ प्रांताने पिकरिंगच्या पूर्वेस ४०७ चा पुढचा भाग बांधला, तेव्हा तो भाडेपट्ट्यात दिला नाही. दर स्वतःकडे ठेवले. १ जून २०२५ पासून त्या भागावरचा टोल प्रांताने रद्द केला. पिकरिंगपासून पश्चिमेकडे कंपनीचा टोल चालू आहे, आणि तिथला भाडेपट्टा २०९८ मध्ये संपतो.